राग देवींचा, भोग माणसांचे

‘इलियड’च्या एकविसाव्या सर्गात माणसांचे युद्ध बाजूला राहते आणि देवच एकमेकांवर धावून जातात. या धुमश्चक्रीत हेरा आर्टेमिसला गाठते. डाव्या हाताने तिची दोन्ही मनगटे धरते, उजव्या हाताने तिच्याच खांद्यावरचे धनुष्य हिसकावून घेते आणि त्या धनुष्याने तिच्या कानशिलांवर तडाखे लगावते. वर हसतेसुद्धा. भात्यातले बाण जमिनीवर सांडतात. रानातल्या श्वापदांची स्वामिनी म्हणवणारी आर्टेमिस ते तिथेच टाकून रडत पळते आणि बापाच्या, झ्यूसच्या, मांडीवर जाऊन बसते. तुला कुणी मारले म्हणून तो विचारतो, तर उत्तर येते: तुमच्या बायकोने. इकडे तिची आई लीटो पोरीचे बाण धुळीतून वेचते आहे.

वाचताना हसू येते आणि ते यावे अशीच होमरची योजना आहे. पण या दोघी काही प्रहसनातली पात्रे नव्हेत. सामोस बेटावर आणि आर्गोसजवळ हेराची भव्य देवळे होती. इफिससचे आर्टेमिसचे मंदिर तर प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांत गणले गेले. ज्या देवीला लोक बळी वाहत, नवस बोलत, तिलाच काव्यात असा मार खाताना ऐकत. यात त्यांना विसंगती वाटत नव्हती का?

काहींना वाटत होती. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात कोलोफोनच्या झेनोफेनीसने जाहीर तक्रार केली, की चोरी, व्यभिचार, फसवणूक अशा माणसांना लाज आणणाऱ्या गोष्टी होमर आणि हेसिओड यांनी खुशाल देवांच्या नावावर मांडल्या. बैलांना चित्रे काढता आली असती तर त्यांचे देव बैलांसारखेच दिसले असते, हा टोलाही त्याचाच. पुढे प्लेटोने ‘रिपब्लिक’मधल्या आपल्या आदर्श नगरातून अशा कथा हद्दपारच केल्या. हेराला तिच्या मुलाने जखडून ठेवल्याची गोष्ट मुलांच्या कानावर पडता कामा नये, रूपक म्हणूनसुद्धा नको, असे त्याने बजावले.

तेव्हापासून एक ठरीव उत्तर चालत आले आहे: ग्रीकांनी देव आपल्यासारखे घडवले, म्हणून देवींमध्ये माणसांचे दोष उतरले. मला ते अर्धेच पटते. हेरा, आफ्रोडायटी, अथीना, आर्टेमिस यांचे हेवेदावे आणि रुसवेफुगवे आपल्या ओळखीचे आहेत, हे खरे. पण माणसाचा दोष दुसऱ्याला छळतो तसा कधी ना कधी त्याला स्वतःलाही भोवतो. या देवींना तो भोवत नाही. त्यांना मरण नाही, म्हातारपण नाही. शरीराला जखम झाली तर ती संध्याकाळपर्यंत भरून येते आणि बदनामी झाली म्हणून देऊळ ओस पडत नाही. स्वभाव माणसाचा आणि भोग मात्र दुसऱ्याच कुणा माणसाचा, असा हा मामला आहे. शिवाय हे दोष वरून चिकटवलेले नाहीत. जिच्याकडे जो अधिकार, त्याच्याच पोटातून तिचा दोष निघतो.

सर्वांत जास्त बदनाम हेरा, म्हणून आधी तिच्याकडे पाहू. मत्सरी, कजाग, डूख धरणारी बायको हे तिचे प्रचलित चित्र, आणि पुरावे भरपूर आहेत. झ्यूसपासून गर्भवती राहिलेल्या लीटोची सुटका होऊ नये म्हणून तिने प्रसूतीची देवता आयलिथिया हिला ऑलिम्पसवर अडकवून ठेवले. लीटो डेलॉस बेटावर नऊ दिवस, नऊ रात्री कळा सोसत राहिली. अखेर बाकीच्या देवींनी नऊ हात लांबीच्या हाराची लालूच दाखवून आयलिथियाला गुपचूप बोलावून घेतले. हेराक्लीसचा जन्मही हेराने असाच लांबवला. सेमेलीला तिने फूस लावली आणि ती झ्यूसच्या विजेने जळाली. आयो गाय झाली आणि गोमाशीच्या दंशाने देशोदेशी पळत सुटली. या साऱ्यांत बाया आणि पोरे भरडली गेली. ज्याने हे सगळे घडवले त्या झ्यूसला ओरखडाही उठला नाही.

का उठला नाही, ते ‘इलियड’च्या पंधराव्या सर्गात झ्यूस स्वतःच सांगतो. हेराक्लीसला समुद्रात भरकटवले म्हणून त्याने एकदा हेराच्या दोन्ही पायांना लोहाराच्या ऐरणी बांधल्या, हातांत सोन्याची साखळी अडकवली आणि तिला ढगांत लोंबकळत ठेवले. बाकीचे देव कासावीस झाले, पण सोडवायला कुणी पुढे आले नाही. ही आठवण तो बायकोला दम देण्यासाठी करून देतो. नवऱ्यावर हात चालत नाही म्हणून हेराचा राग खाली उतरतो, तो सवतींवर आणि त्यांच्या मुलांवर.

त्याआधीच्याच सर्गात ती दुसरा मार्ग चोखाळते. झ्यूसला झोपवायचे आणि तेवढ्यात ग्रीकांना युद्धात हात द्यायचा, असा तिचा बेत आहे. ती न्हाते, सुगंधी तेल लावते, तीन-तीन लोलकांची कर्णभूषणे घालते, आफ्रोडायटीला थाप मारून तिचा मोहिनी घालणारा पट्टा मागून आणते आणि निद्रादेवाला बायको मिळवून देण्याचे वचन देऊन फितवते. इडा पर्वतावर झ्यूस तिला पाहताच पाघळतो. मग तो आपली ओढ किती तीव्र आहे हे पटवून देण्यासाठी यापूर्वी ज्या-ज्या स्त्रियांवर आपण भाळलो त्या सात जणींची यादी लग्नाच्या बायकोपुढे वाचतो! हेरा ती मुकाट ऐकून घेते. एरवी यातल्या एकेकीच्या नावाने आकाशपाताळ एक करणारी हेरा आज गप्प राहते, कारण आज तिला काम साधायचे आहे. जागतिक साहित्यात दांपत्यजीवनाचे इतके बारीक विनोदी चित्र इतक्या लवकर कुणी रेखाटले असेल असे मला वाटत नाही.

हे घर ग्रीक श्रोत्याच्या ओळखीचे होते. अभिजात काळातल्या अथेन्समध्ये नवऱ्याने दासीशी किंवा गणिकेशी संबंध ठेवणे कायद्याने गुन्हा नव्हता. बायकोचा व्यभिचार उघडकीला आला तर मात्र तिला घटस्फोट देणे नवऱ्यावर बंधनकारक होते. विवाहाची देवी अशा विवाहाची रखवाली करते. तिचा मत्सर हा त्या रखवालीचाच भाग आहे, म्हणून मला तो दोष कमी आणि हतबलता जास्त वाटते.

तिचा खरा दोष माझ्या मते निराळाच आहे आणि त्याची चर्चा कमी होते. चौथ्या सर्गात झ्यूस तिला विचारतो, की ट्रॉयचा राजा प्रायम आणि त्याच्या पोरांना कच्चे खाल्ल्याशिवाय तुझा राग शमणार नाही का? मग तो सौद्याची भाषा करतो: ट्रॉय तुझे, पण पुढे तुझे एखादे लाडके नगर माझ्या मनातून उतरले तर आडवी येऊ नकोस. हेरा क्षणाचाही विलंब न लावता सांगते, की आर्गोस, स्पार्टा आणि मायसिनी ही माझी सर्वांत लाडकी तीन नगरे. वाटेल तेव्हा धुळीला मिळव. त्या नगरांत तिचीच पूजा करणारी माणसे राहत होती, तिच्याच बाजूने दहा वर्षे लढत होती. हा विचार दोघांनाही शिवत नाही. सवतीमत्सर माणसाचा असेल; हा सौदा माणसाचा नाही.

गावोगावच्या पूजेत मात्र हेराच्या मत्सराला वेगळाच सूर होता. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनिअस प्लेटियाच्या उत्सवाची कथा देतो. हेरा रुसून युबिया बेटावर निघून गेली. झ्यूसने लाकडाची बाहुली वधूसारखी नटवून गाडीत बसवली आणि आपण दुसरे लग्न करत असल्याची आवई उठवली. हेरा धावत आली, तिने नववधूची वस्त्रे फाडली आणि आत लाकूड पाहून तिची कळी खुलली. प्लुटार्कच्या कथेत ती हसत वरातीत सामील होते खरी, पण ती बाहुली निर्जीव असूनही अखेरीस जाळायला लावते. प्लेटियाचे लोक उत्सवात खरोखरच अशा लाकडी मूर्ती वाजतगाजत किथेरॉन पर्वतावर नेऊन जाळत. स्टिम्फॅलस गावी तर हेराची तीन देवळे होती: कुमारिका, विवाहिता आणि नवऱ्यापासून वेगळी झालेली. बाईच्या आयुष्याचे तिन्ही टप्पे एकाच देवीत पाहणाऱ्या या भक्तांना हेरा केवळ कजाग बायको वाटत नव्हती.

आफ्रोडायटीवर उथळपणाचा शिक्का आहे. सोन्याच्या सफरचंदाची, पॅरिसने केलेल्या निवाड्याची कथा सगळ्यांना ठाऊक असते. होमर या कथेचा उल्लेख ‘इलियड’च्या अगदी शेवटच्या सर्गात, तोही ओझरता करतो. त्या कथेत लाच तिघींनीही देऊ केली होती: हेराने राज्य, अथीनाने युद्धातला विजय आणि आफ्रोडायटीने हेलन. आफ्रोडायटीची लाच स्वीकारली गेली, म्हणून नाव तेवढे तिचे झाले. ट्रॉयच्या रणात ग्रीक वीर डायोमिडीस तिच्या मनगटावर भाला मारतो तेव्हा ती किंचाळत आईकडे धावते आणि अथीना तिची टर उडवते. ‘ओडिसी’त ती युद्धदेव एरीसबरोबर शेजेवरच जाळ्यात सापडते आणि सारे देव जमून हसतात.

पण तिसऱ्या सर्गातली आफ्रोडायटी पाहिल्यावर हसू मावळते. द्वंद्वयुद्धात हरत आलेल्या पॅरिसला ती उचलून त्याच्या शयनगृहात ठेवते आणि हेलनला बोलवायला जाते. हेलन वैतागून म्हणते, की एवढे प्रेम असेल तर तूच जा त्याच्याजवळ, मी येणार नाही. तशी देवी तिला धमकावते: मला चिडवलेस तर जितका जीव लावला तितकाच द्वेष करीन, आणि दोन्ही सैन्ये तुझ्यावर उलटतील. हेलन घाबरते आणि पांढऱ्या वस्त्रात स्वतःला गुंडाळून निमूटपणे तिच्यामागे जाते. ज्या बाईमुळे हजार जहाजे निघाली म्हणतात, तिच्या इच्छेला किती किंमत होती ते या एका प्रसंगात कळते. वासनेची देवी नकार ऐकून घेत नाही. वासनेला नकार समजत असता तर ही देवी वेगळी झाली असती.

अथीनाचे प्रकरण अवघड आहे, कारण ती आपल्याला आवडते. हुशार, संयमी, कलावंतांची पाठीराखी. ओडिसियस इथाकाच्या किनाऱ्यावर तिला न ओळखता लांबलचक थाप मारतो तेव्हा ती रागावत नाही, कौतुकाने हसते आणि आपण दोघे एकाच माळेचे मणी आहोत हे बोलूनही दाखवते. ती त्याच्याशी जितकी मैत्रिणीसारखी वागते तितकी ग्रीक कथांतली दुसरी कोणतीही देवी कुठल्या माणसाशी वागत नाही.

हीच अथीना हेक्टरला कशी मारते? ती त्याच्या भावाचे, डीफोबसचे, रूप घेऊन शेजारी उभी राहते. आता आपण दोघे आहोत या भरवशावर हेक्टर अकिलीससमोर ठाकतो, भाला फेकतो, दुसरा भाला मागायला वळतो आणि शेजारी कुणीच नसते. सोफोक्लीसच्या ‘अजॅक्स’ नाटकात तिने वेड लावलेला अजॅक्स गुरांनाच शत्रू समजून कापत सुटतो आणि ती ओडिसियसला बोलावते, की ये, शत्रूच्या फजितीवर हस. ओडिसियस हसत नाही. उद्या आपलीही ही गत होऊ शकते असे म्हणून तो हळहळतो. नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात माणूस देवीपेक्षा मोठा ठरतो. तिची बुद्धी तेज आहे, पण तिच्यात ज्याच्यामुळे दया उपजते ते मरणाचे भय नाही.

तिच्या क्रूरपणाच्या आज गाजणाऱ्या दोन कथा मात्र जरा सावधपणे घ्याव्यात. अराक्नी नावाच्या विणकर मुलीने स्पर्धेत बिनचूक वस्त्र विणले, त्यात देवांचे बायकांवरचे अत्याचार रंगवले आणि त्यात खोट सापडेना म्हणून देवीने ते फाडून धोटा तिच्या कपाळावर हाणला. मेड्युसावर देवळात बलात्कार झाला आणि शिक्षाही तिलाच झाली. या दोन्ही कथांची ही रूपे रोमन कवी ओव्हिडची आहेत आणि त्यातली देवी मिनर्व्हा, म्हणजे अथीनाचे रोमन रूप, आहे. त्याच्या सातशे वर्षे आधीच्या हेसिओडकडे मेड्युसा जन्मतःच गॉर्गन आहे. शापाचा तिथे पत्ता नाही. ओव्हिडला स्वतःला इसवी सन ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने काळ्या समुद्राकाठी हद्दपार केले. सत्तेला कलावंताचे खरे बोलणे खपत नाही हे त्याला चांगलेच माहीत असावे. ग्रीक देवींवर आपण जे आरोपपत्र ठेवतो त्याची बरीच पाने अशी रोममध्ये लिहिली गेली आहेत.

आर्टेमिसबद्दलही हेच. स्नान करताना चुकून दिसली म्हणून तिने ॲक्टिऑनला हरिण केले आणि त्याच्याच कुत्र्यांनी त्याला फाडले, हे ओव्हिडने गाजवलेले रूप. युरिपिडीजच्या ‘बॅकी’ नाटकात कारण वेगळे आहे: मी आर्टेमिसपेक्षा चांगला शिकारी, अशी त्याने फुशारकी मारली होती. नायोबीची हकीकत मात्र होमरइतकी जुनी आहे. लीटोला दोनच मुले, मला बारा, एवढेच ती बोलली. मुलगे अपोलोने मारले, मुली आर्टेमिसने. मुलींनी काय केले होते, हा प्रश्न त्या जगात कुणी विचारत नाही. तरीही ॲटिकातल्या ब्राउरोनला लहान मुली याच देवीपुढे अस्वलाचे सोंग घेऊन सेवा करत आणि बाळंतिणी तिचाच धावा करत. अपत्यांना मारणारी तीच आणि तारणारीही तीच.

दोन विरुद्ध देवींच्या कात्रीत सापडलेल्या माणसाचे सर्वांत थेट चित्र युरिपिडीजच्या ‘हिपॉलिटस’मध्ये आहे. इसवी सनापूर्वी ४२८ मध्ये या नाटकाच्या संचाला अथेन्सच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. आर्टेमिसचा भक्त हिपॉलिटस शिकार आणि ब्रह्मचर्य यांतच रमतो आणि आफ्रोडायटीला नमस्कारही करत नाही. आफ्रोडायटी नाटकाच्या सुरुवातीलाच येऊन आपला बेत सांगते: त्याच्या सावत्र आईच्या, फीड्राच्या, मनात त्याच्याविषयी अभिलाषा उत्पन्न करून त्याला संपवायचे. फीड्राचा यात काही दोष नाही आणि तीही मरेल, हे देवी कबूल करते. पण शत्रूला धडा शिकवण्यापुढे तिला ते महत्त्वाचे वाटत नाही. एक म्हातारा नोकर देवीला विनवतो, की पोर आहे, बोलला ते ऐकले नाही असे समज, देवांनी माणसांहून शहाणे असावे. त्याच्या विनवणीचा काही उपयोग होत नाही.

शेवटी आर्टेमिस येते, तेव्हा हिपॉलिटस आपल्याच रथाच्या घोड्यांमागे फरफटून मरायला टेकला आहे. तिने त्याला वाचवले का नाही? तर एका देवाने दुसऱ्याच्या मनाविरुद्ध जायचे नाही, असा देवांचा रिवाज आहे म्हणून. त्याऐवजी ती एक वचन देते: आफ्रोडायटीचा जो कुणी लाडका माणूस असेल त्याला मी माझ्या बाणांनी मारीन. म्हणजे या हिशोबात आणखी एक माणूस मरणार, आणि हे ती सांत्वन म्हणून सांगते! देवांनी डोळ्यांत पाणी आणायचे नसते आणि मरण पाहायचे नसते, म्हणून त्याचा प्राण जाण्याआधीच ती निघते. आयुष्यभराची सोबत किती सहज सोडतेस, एवढेच हिपॉलिटस म्हणतो. मरताना तो, ज्याच्या शापाने हे घडले त्या बापाला क्षमा करतो. पूर्ण नाटकात क्षमा केली ती माणसाने. एक देवी वासना, दुसरी शुचिता. स्वभावाने दोन टोके, पण दोघींचा हिशोब एकाच वहीत लिहिलेला.

युरिपिडीजने यावर आणखी एक जहाल नाटक लिहिले, ‘हेराक्लीस’. हेरा त्याच्यावर उन्मादाची देवता लिसा हिला पाठवते, आणि खुद्द वेडच शहाण्यासारखे आढेवेढे घेते: या माणसाने काही वाईट केलेले नाही, असे करू नका. हुकूम मोडता येत नाही म्हणून ती घरात शिरते. हेराक्लीस बायकोमुलांना ठार करतो. भानावर आल्यावर तो म्हणतो, की देवांच्या व्यभिचाराच्या आणि बेड्यांच्या गोष्टी हा कवींचा वाह्यातपणा आहे, देव खरा असेल तर त्याला कशाची उणीव नसते. हेराच्या मत्सरात होरपळलेला माणूस हे बोलतो, आणि तेही कवीच लिहितो.

अभ्यासकांनी या कोड्याकडे नाना बाजूंनी पाहिले. बाखोफेनने १८६१ मध्ये आदिम मातृसत्तेचा सिद्धांत मांडला. जेन हॅरिसनने १९०३ च्या ग्रंथात असे सुचवले, की जुन्या सामर्थ्यशाली देवींना होमरच्या पुरुषी ऑलिम्पसने सुना-लेकी करून टाकले. कल्पना मोहक आहे. मातृसत्तेचा पुरावा मात्र मिळालेला नाही. सारा पोमेरॉयने १९७५ मध्ये मांडलेले निरीक्षण मला जास्त मोलाचे वाटते. झ्यूस किंवा अपोलो राज्य करतात, प्रेम करतात, बाप होतात, सगळे एकाच वेळी. स्त्रीत्वाचे मात्र तुकडे पाडून वाटले गेले: लग्न हेराला, काम आफ्रोडायटीला, बुद्धी अथीनाला, तीही कौमार्याच्या अटीवर. तुकड्यातुकड्यांत जगणाऱ्या या देवी एकमेकींच्या उरावर बसतात यात नवल नाही. ग्रीक देव म्हणजे व्यक्ती नव्हेत, शक्ती आहेत, असे झाँ-पिएर व्हर्नांचे म्हणणे. तेही मला पटते, पण हेलनला धमकावणारा तो आवाज एखाद्या अमूर्त शक्तीचा वाटत नाही. मॅडलिन मिलरची ‘सर्सी’ (२०१८) किंवा नॅटली हेन्सची मेड्युसावरची कादंबरी (२०२२) या देवींकडे त्यांच्या हातून दुखावलेल्यांच्या बाजूने पाहतात. हे हवेच होते, मात्र तिथल्या देवी कधीकधी नुसत्याच दुष्ट होऊन बसतात.

एका देवीला दोषच नाही: हेस्टिया. पोसायडन आणि अपोलो दोघांनी मागणी घातली, तिने दोघांनाही नकार दिला आणि चुलीपाशी बसली. प्रत्येक घरात, प्रत्येक नगराच्या सभागृहात तिचा अग्नी तेवत असे. तिच्यावर सांगावी अशी एकही धड कथा ग्रीकांनी रचली नाही.

आणि दुसरी, जिच्या रागाला काही मोल आहे असे मला वाटते, ती डिमीटर. मुलगी पर्सेफनी पाताळात पळवली गेली, झ्यूसच्या संमतीने. आई हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्यावाचून, न न्हाता हिंडली. मग म्हातारीच्या वेषात एल्युसिसच्या विहिरीवर बसली आणि राजाघरी दाईचे काम तिने पत्करले. बाळाला अमर करण्यासाठी ती रात्री त्याला आगीत ठेवी; आईने पाहून किंकाळी फोडली तसे तिने रागाने बाळ जमिनीवर टाकले. म्हणजे तीही काही शांतमूर्ती नव्हे. मग तिने पेरलेले उगवू दिले नाही. माणसे उपाशी मरू लागली, इथेही भोग माणसांच्याच वाट्याला आले. पण यावेळी झळ वरपर्यंत पोचली: बळी बंद झाले, देवांचा वाटा थांबला, आणि झ्यूसला एकामागून एक दूत पाठवून मनधरणी करावी लागली. ऐरणी बांधून लोंबकळत ठेवण्याची भाषा त्याने तिच्याशी केली नाही. वर्षाचा एक तृतीयांश भाग सोडून मुलगी परत मिळाली.

जाताना तिने एल्युसिसच्या लोकांना आपले गुप्त विधी शिकवले. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत, हजारएक वर्षे, ते चालू होते. आत नेमके काय होई हे फोडणाऱ्याला देहदंड होता. दीक्षा बायकांना आणि दासांनाही मिळे. अटी दोनच होत्या: ग्रीक भाषा समजावी आणि हात खुनाने माखलेले नसावेत.